आमचं पाणी ते किती?

नदीकाठच्या कुठल्याही लहान शहरात सांडपाण्याचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. 'आमचं पाणी ते किती? नदी बिघडवली कारखान्यांनी आणि मोठ्या शहरांनी. आधी त्यांना पकडा.' हे नगरसेवक बोलतात, नगरपरिषदेचे अधिकारी बोलतात आणि रोज संध्याकाळी घाटावर फिरायला येणारी शिकलेली माणसंही बोलतात. जरा नेटाने विचारलं तर दुसरं उत्तर पुढे येतं. 'भुयारी गटार योजनेचा प्रस्ताव वर गेलाय. मंजुरी आली की प्रश्न मिटला.'

महाराष्ट्रातल्या लहान शहरांनी या दोन उत्तरांच्या आधारावर आपल्या नद्यांची जबाबदारी टाळली आहे, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पहिलं हिशेबात चुकतं, दुसरं अनुभवात.

आधी हिशेब. त्यासाठी वाई घेऊ. साताऱ्याच्या उत्तरेला, कृष्णेच्या काठी वसलेलं हे शहर. घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचं काम जिथून चाललं ते गाव. वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर धोम धरण. 2011 च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या सुमारे 36 हजार होती. म्हणजे 'लहान गाव' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे येतं तेवढंच. माणशी रोज 135 लिटर पाणी हे नागरी पुरवठ्याचं मानक, आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं असं धरायची अभियंत्यांची रीत. यात्रेकरू आणि पर्यटक सोडून 35 हजार माणसं धरली तरी दिवसाला सुमारे 38 लाख लिटर सांडपाणी होतं.

या 38 लाख लिटरचं नदीत काय होतं? सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. किती खाते याचं माप म्हणजे बीओडी. कच्च्या सांडपाण्यात ते लिटरमागे अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आंघोळीसाठी योग्य नदीत ते 3 पेक्षा जास्त नसावं, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक सांगतं. नदीचं वरून येणारं पाणी अगदी चांगलं, म्हणजे 1 मिलिग्रॅम बीओडीचं असलं, तरी एक लिटर सांडपाणी त्या मानकापर्यंत आणायला सुमारे 120 लिटर स्वच्छ पाणी लागतं. म्हणजे 35 हजार वस्तीच्या गावाला रात्रंदिवस 190 क्युसेकचा प्रवाह हवा. सेप्टिक टाक्यांमुळे निम्मी घाण घरातच अडते, असं उदार मनाने धरलं तरी 95 क्युसेक.

वैशाखात, धरणातून आवर्तन सुटलेलं नसताना, आपापल्या गावच्या पुलावर उभं राहून बघावं. पात्रात तेवढं पाणी आहे का? कृष्णा, नीरा, भीमा, गोदावरी, कुठलीही नदी घ्या. धरणं झाल्यापासून पावसाळा सरला की या नद्या पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने वाहतात. उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पात्रात जे हलताना दिसतं ते गावचंच सांडपाणी असतं. 'वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं' हे आजोबांच्या काळी खरं होतं, कारण तेव्हा पाणी वाहत होतं आणि गावात घरोघरी फ्लशचे संडास नव्हते. आज दोन्ही गोष्टी पालटल्या आहेत. समज मात्र तोच राहिला.

आता कारखान्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना. कारखाने नदी बिघडवत नाहीत असं मी म्हणत नाही. कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यात साखर कारखाने, आसवनी आणि कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग यांनी काय केलं आहे हे मेलेल्या माशांचे खच पाहिलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण ती होत का नाही, याचं एक कारण आपल्या नाल्यांत आहे. मासे मरतात, लोक ओरडतात, नमुने घेतले जातात. मग कारखाना म्हणतो, वरच्या गावाचा नाला बघा. नगरपरिषद म्हणते, खालचा कारखाना बघा. दोघांचंही पाणी एकाच डोहात मिसळलेलं असतं, आणि गुन्हा कोणाचा हे ठरेपर्यंत पाऊस येऊन सगळं धुऊन नेतो. गावाचा नाला उघडा वाहतो तोवर कारखान्याला पळवाट मिळत राहणार. ज्यांना कारखान्यांना खरोखर धडा शिकवायचा आहे त्यांनी आधी आपला नाला बंद करावा. मग नदीत येईल त्या घाणीला एकच धनी उरेल.

आणखी एक फरक आहे. प्रदूषण मंडळ कारखान्याला बंदीचा आदेश देऊ शकतं, त्याची वीज आणि पाणी तोडू शकतं. गावाला कुलूप लावता येत नाही. त्यामुळे नगरपरिषदेला नोटीस येते, तिचं उत्तर जातं, पुन्हा नोटीस येते. कायद्याची उणीव नाही. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने स्वतःचा कायदा 1969 सालीच केला आणि 1970 मध्ये मंडळ स्थापन केलं. केंद्राचा कायदा त्यानंतर, 1974 साली आला. देशाच्या आधी ज्या राज्याने कायदा केला, तेच राज्य केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या यादीत प्रदूषित नदीपट्ट्यांत देशात पहिलं होतं, 53 पट्ट्यांसह. 2022 च्या यादीत देशातल्या पट्ट्यांची संख्या 351 वरून 311 वर आली आणि आपली 53 वरून 55 वर गेली. पहिला क्रमांक कायम. हे सगळे पट्टे पुण्या-मुंबईने एकट्यांनी बिघडवले, असं म्हणणाऱ्याने नकाशा उघडून त्या नद्यांच्या काठची गावं मोजावीत.

मग येतं दुसरं उत्तर, भुयारी गटाराचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हे उत्तर शहाणपणाचं वाटतं आणि म्हणूनच जास्त नुकसान करतं.

भुयारी गटार योजना म्हणजे प्रत्येक रस्ता खोदणं, प्रत्येक घराची जोडणी, चढ-उतारानुसार पंपिंग स्टेशनं आणि शेवटी शुद्धीकरण केंद्र. एवढी साखळी पूर्ण झाली तरच पाणी स्वच्छ होतं. त्यातली एक कडी राहिली तर सगळं व्यर्थ. केंद्र उभं राहतं, पण घरांच्या जोडण्या होत नाहीत, कारण जोडणीचा खर्च घरमालकाने करायचा असतो आणि त्याला ती निकड वाटत नाही. किंवा जोडण्या होतात आणि पंप बंद राहतात, कारण वीजबिल थकलेलं असतं. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपते, त्याची माणसं निघून जातात आणि नगरपरिषदेकडे ते केंद्र चालवायला शिकलेला एकही कर्मचारी नसतो.

हे माझं अनुमान नाही. केंद्रीय मंडळाने 2021 मध्ये देशभरातल्या शुद्धीकरण केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरांतून रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता 31,841 दशलक्ष लिटर. आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं ते फक्त 20,200 दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे जनतेच्या पैशाने जे बांधून झालं आहे, त्यातलाच एक तृतीयांशाहून जास्त भाग रिकामा. क्षमता कमी आहे हे खरंच. पण आहे ती सुद्धा आपण चालवू शकलेलो नाही. अशा स्थितीत 'नवी योजना मंजूर झाली की प्रश्न मिटेल' असं गावाला सांगणं ही लोकांची फसवणूक आहे. मंजुरी बांधकामाला मिळते. केंद्र मात्र वीस-पंचवीस वर्षं रोज चालवावं लागतं, आणि त्या रोजच्या खर्चाबद्दल सर्वसाधारण सभेत कोणी चकार शब्द काढत नाही. बांधकामाचं उद्घाटन होतं, फलक लागतो. पंपाचं बेअरिंग वेळेवर बदललं म्हणून कोणाचा सत्कार होत नाही.

आणि ही योजना येईपर्यंत काय करायचं? इथेच या उत्तराचा सगळ्यात मोठा दोष आहे. मोठ्या योजनेच्या आशेवर आज करता येण्यासारखी साधी कामं थांबून राहतात.

त्यातलं पहिलं काम सेप्टिक टाक्यांचं. लहान शहरांतली बहुतेक घरं गटाराला जोडलेली नाहीत, टाकीवर आहेत. टाकी म्हणजे शुद्धीकरण नव्हे, हे लोकांना कोणी सांगितलेलंच नाही. टाकीत मैल्याचा गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी पुढे जातं. ते पाणी शोषखड्ड्यात मुरावं अशी रचना असते. आपल्याकडे ते थेट गटारात सोडलेलं असतं. गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर टाकी भरते आणि आलेला मैला जसाच्या तसा बाहेर पडतो. तरीही 'वीस वर्षं झाली, आमची टाकी एकदाही उपसावी लागली नाही' हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. टाकी भक्कम असल्याचा तो पुरावा वाटतो. त्याचा खरा अर्थ असा की त्या घरातला मैला वीस वर्षं कुठेतरी जातोय. एक तर गटारातून नदीत, नाही तर बिनतळाच्या टाकीतून जमिनीत आणि शेजारच्या विहिरीत. इचलकरंजीत 2012 साली काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ मैला पिण्याच्या पाण्यात शिरल्यावरच होते.

टाकी तुंबल्यावर गाडी बोलवायची, ठरेल तो भाव द्यायचा, आणि गाडीवाला तो मैला कुठल्या ओढ्यात किंवा शेतात ओततो ते विचारायचं नाही, ही सर्रास पद्धत. ही पद्धत बदलता येते, हे वाईनेच दाखवलं आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासगटाच्या मदतीने वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. वाईत ती 2018 पासून आहे. दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची पाळी येते. कोणी बोलवायची वाट न बघता गाडी दारात येते, आणि त्या वेळी हातात पैसे द्यावे लागत नाहीत, कारण खर्च स्वच्छता करातून भागतो. उपसलेला मैला शुद्ध करायला दिवसाला 70 हजार लिटर क्षमतेचं केंद्र उभारलं गेलं. त्याआधी कर्नाटकात देवनहळ्ळीला 2015 साली असं केंद्र सुरू झालं होतं, आणि तेही असंच छोटं गाव. या कामासाठी रस्ते खोदावे लागले नाहीत की पंधरा वर्षं थांबावं लागलं नाही.

यावर आक्षेप येईल की टाकी उपसल्याने फक्त गाळ जातो, स्वयंपाकघराचं, न्हाणीचं आणि टाकीवरचं पाणी नाल्यातून नदीत जातच राहतं. आक्षेप बरोबर आहे. वेळेवर उपसलेली टाकी नदीवरचा भार कमी करते, संपवत नाही. म्हणून दुसरं काम नाले अडवण्याचं. कुठल्याही लहान शहरात नदीला मिळणारे मुख्य नाले पाच-सात असतात आणि ते कुठे आहेत हे नगरपरिषदेच्या प्रत्येक मुकादमाला तोंडपाठ असतं. नदीला मिळण्याआधी ते पाणी अडवून तिथेच शुद्ध करता येतं. जमीन असेल तर स्थिरीकरणाची तळी चालतात, त्यांना वीज जवळजवळ लागत नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत आहे, ज्यात खडी आणि पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून पाणी सोडतात. या पद्धतींना जागा जास्त लागते, हा त्यांचा तोटा. पण जागा ही मोठ्या शहराची अडचण आहे. लहान गावाच्या खालच्या अंगाला, शिवारालगत, अजून तरी जागा मिळते, आणि आज राखून ठेवली नाही तर दहा वर्षांनी तिथे प्लॉट पडलेले असतील. शुद्ध झालेलं पाणी लगतच्या शेतकऱ्याला देता येतं. तो आत्ताही नाल्यावर मोटर टाकून तेच पाणी उचलतो आहे, फक्त घाण असलेलं.

पैशाचं रडगाणं मला मान्य नाही. स्वच्छ भारत अभियानाचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला आणि त्यात एक लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्यासाठी खास तरतूद आली. म्हणजे बांधकामाला पैसा आहे. अडतं ते चालवण्याच्या खर्चापाशी, आणि तो खर्च गावाने आपल्या खिशातून करायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 च्या निकालात नागरी संस्थांना शुद्धीकरण केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली होती आणि खर्च वापरणाऱ्यांकडून वसूल करण्याची पद्धत ठरवायलाही सांगितलं होतं. ती मुदत 2020 मध्येच उलटली. स्वच्छता कर वाढवायचा म्हटलं की मतं जातील म्हणून सगळे पक्ष गप्प बसतात. जो माणूस टाकी तुंबल्यावर एका फेरीला हजारो रुपये मोजतो, तो वर्षाला काही शे रुपयांचा कर देणार नाही, असं गृहीत कोणी धरलं? त्याला कधी विचारलं आहे का?

लहान शहरांना हे जमत नाही, असंही म्हणू नये. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशातले पहिले तीन क्रमांक कराड, सासवड आणि लोणावळा यांनी पटकावले. तिन्ही महाराष्ट्रातली. गुण मिळवायचे ठरवल्यावर याच नगरपरिषदा रात्री रस्ते झाडतात, भिंती रंगवतात, घरोघरी कचरा वेगळा करायला लावतात. ती शिस्त, ती माणसं, तो हुरूप आहे. तो नाल्यापर्यंत पोचत नाही, कारण नाला कोणाच्या नजरेत भरत नाही. घाट झाडणं, निर्माल्य कलश ठेवणं, नदीची आरती करणं, यामागची भक्ती खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. पण घाटाच्या पायरीला लागून नाला नदीत पडत असेल, तर त्या भक्तीने आधी नाल्यापाशी जायला हवं. निर्माल्य वेचणाऱ्या शंभर हातांनी एकदा मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात जाऊन नाल्याचा हिशेब मागितला, तर नदीची जास्त सेवा होईल.

आणि एक गोष्ट, जी या सगळ्या चर्चेत शेवटी येते आणि खरं तर पहिली यायला हवी. टाकी वेळेवर यंत्राने उपसली जात नाही तिथे कधी ना कधी माणूस उतरवला जातो. भरलेल्या टाकीतल्या विषारी वायूने पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघंही वर येत नाहीत. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांविना हे काम माणसाकडून करून घेणं गुन्हा ठरवलं. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. मरणारे कोण असतात, कुठल्या वस्तीतले असतात, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. 'आमचं पाणी ते किती' म्हणणाऱ्या गावात उपशाचं वेळापत्रक नसतं, आणि त्याची किंमत नदीबरोबर ही माणसंही मोजतात. मला या मुद्द्यावर कसलीही तडजोड मान्य नाही. भुयारी गटाराची मंजुरी कधीही येवो, उपशाची गाडी आणि तिचं वेळापत्रक या वर्षी यायला हवं.

नदीच्या खालच्या अंगाला राहणारे लोक आपले कोणी नाहीत, अशी एक न बोललेली समजूतही या सगळ्याच्या मुळाशी आहे. वाईच्या खाली कृष्णा संगम माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला, आणि पुढे सांगलीकर तिचं पाणी पितात. प्रत्येक गाव वरच्या गावाला शिव्या देतं आणि खालच्या गावाला तेच पाजतं. ही साखळी कुठल्याही एका गावाने तोडली तरी खालच्या गावाला वरच्याकडे मागणी करायचा नैतिक अधिकार मिळतो. आज तो कोणाकडेच नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक मागून घ्या. ते सार्वजनिक आहे, आणि दिलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात सांडपाण्यासाठी बांधकामाला किती आणि चालवण्याला किती, हे दोन आकडे शोधा. गेल्या वर्षी किती टाक्या उपसल्या, मैला कुठे रिकामा केला, नदीला मिळणारे नाले किती आणि त्यांतले किती अडवले, हे लेखी विचारा. अनेक नगरपरिषदांवर बरीच वर्षं प्रशासकांचा कारभार होता, तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. निवडून आलेल्या माणसाला तरी विचारा. आणि उत्तरात 'प्रस्ताव वर गेलाय' एवढंच आलं, तर ते उत्तर स्वीकारू नका.